पाय जमिनीला लागायच्या आत

६ जानेवारी

काका,

पोचले. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन पलंग, दोन कपाटं आणि एक खिडकी. खिडकीतून थेट धावपट्टी दिसते, म्हणजे झोपेतसुद्धा सुटका नाही. खोलीत माझ्याबरोबर एक थाळीफेकवाली आहे. ती तिच्या पलंगावर बसली की माझाही पलंग हलतो, पण स्वभावाने अगदी लोणी. माझी बॅग एका हाताने वर आणून दिली आणि विचारलं, "यात कपडे आहेत की नुसती हवा?"

मोबाइल ऑफिसात जमा झाले. रविवारी दहा मिनिटं मिळतात, ती आईची. शिट्टी फुंकून फुंकून तुमचा एक कान गेलेला, फोनवर तुम्हाला तसंही अर्धंच ऐकू येतं. तेव्हा तुमच्या वाट्याला पत्रं. उत्तर आलंच पाहिजे, "वेळ नव्हता" चालणार नाही. शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांना किती कामं असतात ते मला ठाऊक आहे.

इथल्या कोच मॅडम कमी बोलतात. रोज सकाळी त्यांना एक कागद भरून द्यायचा. झोप, भूक, अंगदुखी, मन, प्रत्येकाला पाचपैकी गुण, आणि शेवटी ठोके. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "यात खोटं लिहिलंत तर मी आंधळी होईन. मग खड्ड्यात पडाल तुम्हीच." सगळ्या हसल्या.

निवड चाचणी २० एप्रिलला आहे. पंधराशे मीटरला संघात दोनच जागा आणि आम्ही सात जणी. माझी सगळ्यात चांगली वेळ चार मिनिटं एकवीस सेकंद. मॅडम म्हणतात, चार सोळा धावलीस तर तुला कुणी अडवू शकत नाही. पाच सेकंद, काका. एवढ्यात तर तुमची एक शिंकसुद्धा पुरी होत नाही.

तुम्ही दिलेली वही आणली आहे. नऊ वर्षांची असताना शिकवलंत तसंच करते. जाग आली की पाय जमिनीला लागायच्या आत दोन बोटं मानेवर, पुरं एक मिनिट. आज अठ्ठेचाळीस.

तुमची टिटवी

१३ जानेवारी

टिटवे,

पत्र मिळालं. वेळ नव्हता, तरी लिहितोय.

आज आठवीच्या तासाला अकरा चिठ्ठ्या आल्या. "माझ्या पाल्याच्या पोटात दुखत असल्याने त्यास खेळाच्या तासातून सूट द्यावी." अकरा पोटं, एकाच दिवशी. एका चिठ्ठीतली बापाची सही आणि पोराचं अक्षर ही सख्खी भावंडं निघाली. मी सगळ्या टेबलाच्या खणात टाकल्या आणि अकराही जणांना मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. तीस वर्षं झाली, खरी चिठ्ठी आणि खोटी चिठ्ठी मी वासावरून ओळखतो.

अठ्ठेचाळीस चांगले आहेत. मेहनत वाढली की हृदय तगडं होतं आणि ठोके उतरतात. उतरू देत. रोज वहीत लिही आणि मला कळवत जा.

आता तुला पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बावीस वर्षांचा होतो, अशाच चाचणीला गेलो होतो, तेही पंधराशेच्याच. बूट बांधून बाकावर बसलो, नाव पुकारलं आणि मी उठलोच नाही. पाय मुरगळला नव्हता, ताप नव्हता. तुझ्या बाबाने सगळ्यांसमोर विचारलं, काय झालं? मला उत्तर सुचलं नाही, मग त्यानेच दिलं, "कामचुकार आहे, दुसरं काय." दादाचं काही चुकलं नाही. मी आळस केला आणि आता दुसऱ्यांच्या पोरांपुढे शिट्टी फुंकतोय.

तू तेवढी त्या बाकावर बसू नकोस. माझं दुसरं काही मागणं नाही.

वहिनी विचारते, अंगावर जाड पांघरूण आहे का. तिला रविवारी सांग, नाहीतर ती मलाच विचारत राहील.

काका

१५ फेब्रुवारी

काका,

महिनाभर लिहिलं नाही, कारण पेन उचलायचाही कंटाळा येत होता. मॅडमनी सराव वाढवला आहे. दमतात सगळ्याच, पण रविवारच्या सुट्टीनंतर बाकीच्या ताज्या होतात आणि मी सोमवारी शनिवारसारखीच असते. सर्दी तिसऱ्यांदा झाली. दोन मजले चढायचे तर कठड्याला हात जातो. परवा थाळीफेकवाली म्हणाली, "अगं, धावणारी तू की मी? चल, उचलून नेते." मी हसले, पण एक क्षण वाटलं, न्यावं तिने.

वेळ चार वीसवर अडकून बसली आहे. ताट पुढ्यात आलं की आधीच पोट भरल्यासारखं होतं. ठोके मात्र उतरतायत, आज चव्वेचाळीस.

हे सगळं होतंच ना काका? तुम्हाला व्हायचं का असं?

टिटवी

२१ फेब्रुवारी

टिटवे,

होतं, आणि होणारच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

चव्वेचाळीस वाचून मी पत्र घेऊन थेट स्वयंपाकघरात गेलो. वहिनी म्हणाली, "ठोके कमी होतायत यात आनंद कसला? पोरगी जेवते का ते विचारा." तिला यातलं काय कळणार. मी दिवसभर शाळेत सगळ्या मास्तरांना सांगत फिरलो. गणिताच्या बाई म्हणाल्या, "चव्वेचाळीस शंभरापैकी असतील तर त्यात एवढं काय?" माझा आनंद काही कमी झाला नाही.

तू विचारलंस, मला व्हायचं का. व्हायचं. पाय जड व्हायचे, जेवण नकोसं व्हायचं. मी त्याचं ऐकत बसलो, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. शरीर लबाड असतं गं, आमच्या आठवीच्या पोरांसारखं. रोज नवी चिठ्ठी घेऊन येतं. त्याची चिठ्ठी खणात टाकायची आणि चार फेऱ्या मारायच्या.

काका

१२ मार्च

काका,

सोमवारी मॅडमनी ऑफिसात बोलावलं. माझी वेळ चार चोवीसवर गेली आहे. त्यांनी आठवड्याचे कागद पुढ्यात मांडले. मग म्हणाल्या, "दहा दिवस पूर्ण विश्रांती. बूट माझ्याकडे दे." मी दिले. जुने दिले, चांगले पलंगाखाली आहेत.

चूक माझीच. गेल्या आठवड्यात कागदावर एकदा खरं लिहिलं, झोपेला पाचपैकी एक. त्याचं हे फळ. झोप खरंच लागत नाही. इतकी दमलेली असते की उशीवर डोकं ठेवताच मेल्यासारखं व्हावं, तर उलट सगळं अंग जागं होतं. परवा बुटाच्या लेसची गाठ सुटेना म्हणून जिन्यात बसून रडले. लेससाठी कुणी रडतं का?

काही गोष्टी तुम्हाला लिहिता येत नाहीत, त्या आईला फोनवर सांगितल्या. ती म्हणाली, आजच्या आज डॉक्टरांना दाखव. मी गेले नाही. डॉक्टरांकडे गेलं की यादीतून नाव जातं, असं इथे सगळ्या म्हणतात.

आज ठोके चाळीस. दहा दिवस झोपून राहिले तर बाकीच्या सहा जणी कुठच्या कुठे जातील. चाचणीला पाच आठवडे उरलेत. मॅडमचं ऐकू का? तुम्ही सांगाल तसं करीन.

टिटवी

१६ मार्च

टिटवे,

ठेवून ठेवून लोखंडसुद्धा गंजतं. तुझ्या मॅडम चांगल्या असतील, पण त्यांना सात जणी आहेत. मला तू एकटी आहेस.

एक खरं सांगतो. पाय जड होणं, जेवण नकोसं होणं, काही कारण नसताना रडू येणं, हे मी पुरेपूर ओळखतो. हा आपल्या घराण्यातला आळस आहे. माझ्याकडे आला तो अगदी याच वाटेने आला, आणि मी त्याला ये, बस म्हटलं. तू त्याला दारातूनच हाकल.

वसतिगृहामागे पंपहाऊसचा चढ आहे असं वहिनी सांगत होती. दुपारी जेवणानंतर सगळ्या झोपतात ना? तेव्हा जा. रोज सहा वेळा चढ, सहा वेळा उतर. कुणाला सांगायचं कारण नाही. मॅडमच्या कागदावर झोपेला चार लिही. वहीत मात्र खरं लिही आणि मला कळव. माझ्याशी खोटं बोलायचं नाही.

चाळीस म्हणजे सोनं आहे.

काका

३ एप्रिल

काका,

चढ रोज करते. सहाचे आठ केले. विश्रांतीचे दहा दिवस संपले, बूट परत मिळाले, पण दुपारचा चढ सोडलेला नाही. कागदावर सगळीकडे चार आणि पाच. काल मॅडम म्हणाल्या, "कागद ताजा दिसतोय, तू दिसत नाहीस." मी म्हटलं, माझा रंगच तसा आहे.

थाळीफेकवालीने विचारलं, दुपारी कुठे जातेस? म्हटलं, वाचायला. ती म्हणाली, "पुस्तक वाचून एवढा घाम?"

एक गंमत सांगू? पळताना छाती धडधडतच नाही. जोर लावते, तोंड कोरडं पडतं, मांड्या पेटतात आणि छाती आपली आरामात. दुसरीच कुणी पळतेय आणि मी बाकावर बसून बघतेय असं वाटतं. चढाच्या टोकावर मोजले तर एकशे चाळीस. पूर्वी एकशे नव्वदपर्यंत जायचे. हे चांगलंच असेल ना?

सकाळी सदतीस. खरा आकडा फक्त तुमच्याकडे आहे.

टिटवी

२४ एप्रिल

टिटवे,

आज पेपरात निकाल आला. दोन नावं आहेत, त्यात तुझं नाही. खाली सात जणींच्या वेळा छापल्यात. तुझ्या नावापुढे वेळ नाही, नुसती रेघ आहे.

वहिनीने रविवारी फोन ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. दादा मला काही सांगत नाही. जेवताना मी विचारलं तर म्हणाला, "जेव." काय झालं ते तूच कळव. पडलीस का? कुणी धक्का दिला का? पंधराशेला होतं असं, मी पाहिलंय. चाचणी दर वर्षी असते.

काका

५ मे

टिटवे,

उत्तर नाही. पाय मुरगळला असेल तर बरा होतो, त्यात एवढं काय. तेवढं तरी लिही. चार ओळी लिही.

सकाळचे ठोके किती आहेत?

काका

१९ मे

काका,

पाय मुरगळला नाही. कुणी धक्का दिला नाही.

आठशे मीटरपर्यंत मी चौथी होते. पुढचं नीट सांगता येत नाही. दुखलं काहीच नाही. मी पायांना वेग वाढवायला सांगितलं आणि माझं ऐकायला आत कुणी नव्हतं. मी धावपट्टी सोडली आणि बाजूच्या फाटकातून चालत बाहेर गेले. खोलीत येऊन बूट घालूनच झोपले. मॅडम आल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी खाली बसून माझ्या बुटांच्या लेस सोडल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथले डॉक्टर म्हातारे आहेत, कधीकाळी स्वतः पोहायचे. त्यांनी आधी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, दुसरा कुठला आजार नाही ना ते बघितलं. मग म्हणाले, स्वतःपुरती एखादी वही ठेवतेस का? मी दिली. एकेक पान उलटत गेले. सदतीसवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे आकडे आणखी कुणी पाहिलेत?" मी म्हटलं, कुणी नाही.

ते म्हणाले, ठोके एकटे वाचायचे नसतात. झोप, भूक, मन आणि वेळ यांच्या शेजारी ठेवून वाचायचे असतात. वेळ सुधारतेय आणि ठोके उतरतायत, तर ती तयारी. वेळ बिघडतेय, झोप उडालीय, ठोके उतरतायत आणि पळतानाही वर चढत नाहीत, तर शरीराने हात टेकलेत. थकवा सगळ्यांनाच येतो, पण विश्रांतीनंतर जो जात नाही तो आजार असतो, असं म्हणाले. मार्चमध्ये दहा दिवस मी खरंच झोपले असते आणि मग दोन महिने हळूहळू वाढवलं असतं, तर बहुधा निभावलं असतं. आता वर्ष लागेल, कदाचित जास्त. मी विचारलं, पहिल्यासारखी होईन ना? त्यांनी चष्मा काढून पुसला.

मार्चमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, काका. आईचं ऐकलं नाही, मॅडमचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. मॅडमना खोटे आकडे दिले आणि तुम्हाला खरे. त्यांना खरे मिळाले असते तर त्यांनी मला त्या चढावर पाऊल टाकू दिलं नसतं. मला तुमचा राग आला आहे. डॉक्टरांपासून तुमचं नाव लपवलं म्हणून स्वतःचाही आला आहे.

एवढं लिहायला तीन दिवस लागले.

२९ मे

पोरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचवलं नाही.

मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. माझी त्या वर्षीची वही त्यात होती, बत्तीस वर्षं उघडली नव्हती. जानेवारीत सेहेचाळीस. फेब्रुवारीत त्रेचाळीस. मार्चमध्ये चाळीस. शेजारी वेळ लिहिली आहे, ती दर आठवड्याला बिघडत गेली आहे. दुसरी सर्दी, तिसरी सर्दी. "जेवण नको वाटतं." "बाजारात उगाच रडू आलं, कुणी पाहिलं नाही." चाचणीच्या आठ दिवस आधी एक ओळ आहे, "पळताना छाती धडधडत नाही." तुझंच वाक्य, माझ्या अक्षरात. चाचणीच्या सकाळी छत्तीस.

३ एप्रिलच्या पत्रातलं ते वाक्य मी तेव्हा दोनदा वाचलं होतं. मी ते ओळखलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ते कशाचं लक्षण वाटलं मला? आळसाचं. आळशी माणसाला आतून असंच वाटत असणार, असं मी बत्तीस वर्षं धरून चाललो. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. दादाने नाव दिलं आणि मी ते घेतलं. लग्नाचं निघालं तेव्हा नको म्हटलं, दुसऱ्या नोकरीचं निघालं तेव्हा नको म्हटलं. कशालाही हात घालायचा तर वाटायचं, आपण अर्ध्यात बसणार. आणि तुझ्या पत्रांत तेच दिसायला लागलं तेव्हा मी घाबरलो. तुझं माझ्यासारखं होऊ द्यायचं नव्हतं.

तुझ्या पत्राने मला पहिल्यांदा कळलं की मी आळशी नव्हतो, आजारी होतो. सांगायला लाज वाटते, पण एक क्षण मला आनंद झाला. पायरीवर बसून मी चक्क हसलो. मग लक्षात आलं की हे मला कळावं म्हणून तुझे पाय खर्ची पडले.

दादाला सगळं सांगितलं. चढ, दुपार, कागदावरचे चार, सगळं. तो माझ्याशी बोलत नाही. वहिनी बोलते, पूर्वीसारखा चहा वर आणून देते, ते जास्त लागतं.

डॉक्टरांना माझं नाव सांग. सोबत वही पाठवतोय, तीही दाखव. दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या कामी आली तर येऊ दे.

माफी मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही याचा तुला विचार करत बसावं लागेल, आणि तुला विश्रांती सांगितली आहे.

काका

२ ऑगस्ट

काका,

दोन महिने झाले. डॉक्टरांनी पत्र लिहायला मनाई केली नव्हती, मीच लिहिलं नाही.

रोज वीस मिनिटं चालते, सपाट रस्त्यावर. झोप पाचपैकी तीन, हे खरं आहे. भूक परत आली आहे, माझ्या ताटातलं आता थाळीफेकवालीला मिळत नाही. मिळत नव्हतं म्हणायला हवं, ती गेल्या आठवड्यात संघाबरोबर गेली. तिची बॅग खाली मी नेते म्हटलं, तर मला ती जमिनीवरून हलवता आली नाही. दोघी खूप हसलो. मग दोघी रडलो.

मॅडम आता कागदावर विसंबत नाहीत. रोज सकाळी स्वतः पलंगापलंगापाशी येतात, प्रत्येकीच्या मनगटावर बोटं ठेवून मोजतात आणि चेहरा बघतात. माझ्या पलंगापाशीसुद्धा येतात, सवयीने. मग आठवतं त्यांना.

या महिनाअखेरीस खोली सोडायची आहे. घरी येत नाहीये, मामाकडे जाते आहे. त्याच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, दुसरं काही नाही. घरी आले तर तुमच्या खोलीच्या जिन्याखालून रोज जावं लागेल, त्याची माझी तयारी नाही. राग आहे. कमी झालाय की मला त्याची सवय झालीय, कळत नाही. पुन्हा पळेन की नाही हे कुणी सांगत नाही आणि मीही विचारायचं सोडलं आहे. टेकडीवरून कुणी धावत उतरताना दिसलं की मान दुसरीकडे वळवते.

डॉक्टरांना तुमची वही दाखवली आणि तुमचं नाव सांगितलं. वाटलं, चिडतील. ते तासभर वाचत बसले. मग विचारलं, "हा मुलगा आता काय करतो?" मी म्हटलं, चोपन्न वर्षांचा आहे, शाळेत पी.टी. शिकवतो आणि पोरांच्या चिठ्ठ्या खणात टाकतो. त्यांनी वहीचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. मग औषधं लिहून देण्याचं पॅड पुढे ओढलं आणि सोबतचा कागद लिहिला. तारीख तुमच्या वहीतली घातली, चाचणीच्या सकाळची.

माझ्या रागाचा आणि या कागदाचा संबंध नाही. तो तुमचा आहे, म्हणून पाठवते.

टिटवी

(सोबतचा कागद)

प्रशिक्षक महोदय,

या खेळाडूची, वय बावीस, रोजची नोंदवही मी तपासली आहे. तो गेले तीन महिने अतिश्रमाने आजारी आहे. तो कामचुकार नाही. त्यास आजच्या शर्यतीतून आणि पुढील सहा महिने धावण्यातून सूट द्यावी. बाकावरून तो उठत नसल्यास त्यास उठवू नये.

११ ऑगस्ट

टिटवे,

चिठ्ठी मिळाली. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा, खरी आणि खोटी वासावरून कळते. ही खरी आहे.

दादाला नेऊन दिली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचली. परत करताना तिची घडी आधीच्याच रेषांवर नीट घातली, आणि माझ्या हातात न देता माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. मग पेपर उघडला. मी वर निघून आलो.

मामाकडेच राहा. राग तुझा आहे, त्याला जायची घाई करायला लावू नकोस. मी पुढचा जिना सोडून मागच्या दाराने ये-जा करीन म्हणत होतो, वहिनी म्हणाली, "नाटकं नकोत." तेव्हा तसं काही करत नाही.

काल शाळेत टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. इतका ठासलेला की ओढून निघेना. जमिनीवर बसून एकेक वाचली. बऱ्याचशा खोट्या आहेत, त्यांत माझं चुकलं नव्हतं. पण मध्येच एक निघाली, "हिला महिनाभर फार थकवा वाटतो आहे, कृपया बसू द्यावे." अक्षर आईचं, सही आईची. मुलीचं नाव वाचलं, चेहरा आठवला नाही. तिला मी किती फेऱ्या मारायला लावल्या तेही आठवलं नाही.

घरी आलो आणि तुझी पत्रं काढली. फेब्रुवारीचं, मार्चचं, एप्रिलचं. तिन्हींत तू माझ्याकडे सुट्टी मागितली होतीस. अक्षर तुझं, सही तुझी. ती मी ओळखली नाहीत, पोरी. तिन्ही खणात टाकली.

उद्या जाग आली की मोजू नकोस. मानेला हात न लावता आधी पाय जमिनीवर ठेव.

काका